मुदत सरलेली सूचना

मी एक सूचना आहे. 'कुफ्ल' नावाच्या प्रोग्रामबरोबर माहितीची जी पानं मिळतात, त्यांतल्या अगदी शेवटच्या पानावर मी राहते. अकरा ओळींची होते, आता तीन ओळींची उरले आहे. लोक सहसा माझ्यापर्यंत पोचत नाहीत. जे पोचतात ते माझं ऐकतात. मला जे सांगायचं आहे ते या ऐकणाऱ्यांबद्दल आहे.

कुफ्ल म्हणजे कुलूप. निरोप कुलूपबंद करून पाठवायचे आणि ज्याच्याकडे किल्ली असेल त्यानेच उघडायचे, यासाठीच्या निरनिराळ्या पद्धती या प्रोग्राममध्ये आहेत. तो कुणीही फुकट घ्यावा, वाचावा, आपल्या कामात वापरावा. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात गणित शिकवणाऱ्या तिजानी नावाच्या मास्तरांनी तो लिहायला घेतला, आणि पुढे परदेशातले चार-पाचजण त्यांना येऊन मिळाले. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. सगळा व्यवहार ईमेलवर.

माझा जन्म २००२ सालचा. त्यामागे एक वाईट दुपार आहे.

तिजानींचा एक जुना विद्यार्थी होता, नेजी. सूसला त्याचा छोटा कारखाना होता. त्याने कुफ्लमधली 'आल्डर' नावाची पद्धत घेऊन दुकानांसाठी एक यंत्र बनवलं. दोन वर्षं राबला. यंत्र बाजारात गेल्यावर चौथ्याच महिन्यात एका परदेशी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. आल्डरवर त्या कंपनीचं पेटंट होतं. म्हणजे पद्धत सगळ्यांना वाचायला मोकळी, पण वापरायची तर ठरावीक वर्षं मालकाची परवानगी हवी. नेजीने सगळी यंत्रं परत मागवली आणि कारखान्याला टाळं लावलं.

तो स्फाक्सला आला. मास्तरांच्या घरी बसला, कॉफीला हात लावला नाही.

"सी तिजानी, तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं. सी हे तिकडे आदराने लावतात.

"ऐकलं होतं कुठंतरी," मास्तर म्हणाले. "लिहून ठेवायला हवं होतं."

"एक ओळ पुरली असती."

नेजी गेल्यावर मास्तर आपल्या संगणकापुढे बसले, आणि त्याच बैठकीत मी जन्मले. आल्डरवर पेटंट आहे, अमुक क्रमांकाचं, या या देशांत नोंदलेलं, ट्युनिशियातही. मुदत २०१६ अखेरपर्यंत. मालकाची लेखी परवानगी असल्याशिवाय वापरू नये. शेवटी त्यांनी माझ्या तळाशी आणखी एक ओळ घातली: शेवटची तपासणी, आणि पुढे त्या दिवसाची तारीख.

ही ओळ ते दरवर्षी नवी करत. सप्टेंबरमध्ये शाळा उघडायच्या आधीचा आठवडा माझा. पेटंटची वर्षाची फी मालकाने भरली नाही तर मुदत संपायच्या आधीच पेटंट मरतं, हे त्यांना कळलं होतं. म्हणून ते देशोदेशीच्या कचेऱ्यांना पत्रं लिहीत. कुणी उत्तर देई, कुणी देत नसे. उत्तर आलं की निळ्या फाइलीत लावायचं, मग माझी तारीख बदलायची.

त्यांची बायको वसीला दारातून बघायची.

"तिजानी, स्वयंपाकघरातला नळ तीन महिने ठिबकतोय. त्याच्याखाली पण एक तपासणीची तारीख लिहून ठेव."

"नळ आपल्याच घरात ठिबकतो," मास्तर म्हणत. "हा कागद कुणाकुणाच्या घरी गेलाय, मला ठाऊक नाही."

"मग त्या घरातलं कुणी येऊन आपला नळ बसवतंय का बघ."

ते हसत आणि उठून पान्हा शोधायला लागत. पान्हा कधी सापडत नसे.

ती सात वर्षं माझी चांगली गेली. मी खरं बोलत होते. सूचनेला त्याहून जास्त काय हवं असतं?

२००९च्या जूनपासून मास्तर माझ्याकडे आले नाहीत. सप्टेंबर आला आणि गेला. पुढचा सप्टेंबरही गेला. परदेशातले चौघे प्रोग्राममधल्या चुका दुरुस्त करत राहिले. त्यांचं माझ्यावाचून अडत नव्हतं. सूचना दुरुस्त करण्यात कुणाला आनंद नसतो; त्यात डोकं चालवायचं काही नसतं, नुसती विचारपूस करायची असते, आणि चुकलं तर नाव आपलं येतं. त्यांच्यातल्या एकाने एकदा विचारलं, "तिजानी कुठे आहे?" दुसऱ्याने लिहिलं, "रिटायर झाला असेल." तेवढंच.

२०१२च्या फेब्रुवारीत मला शिराझने उघडलं.

शिराझ करकेनाची. स्फाक्ससमोरच्या समुद्रातली ती बेटं. ती स्फाक्सला शिकली, तिथंच नोकरी करायची, पण आई बेटावर होती. बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. एरवी तौहीदा नावाची परिचारिका सगळं बघायची. रक्ताच्या बाटल्या सकाळच्या बोटीने स्फाक्सला जायच्या, आणि औषध किती द्यायचं ते दुसऱ्या दिवशीच्या बोटीने कागदावर यायचं. वारा सुटला की बोट नाही, मग कागद नाही. शिराझने ठरवलं की हे निरोप रेडिओवरून यायला हवेत. कुणीतरी देणगी दिलेली जुनी हातयंत्रं दवाखान्यात पडून होती. तिने सुट्ट्यांच्या दिवशी बोट पकडून ती चालू केली. कुणाच्या आजाराची माहिती वाऱ्यावर उघडी जाऊ नये म्हणून कुफ्ल घेतलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. निरोप कुलपात घालणं हे एक काम. तो वाटेत बदललेला नाही हे ओळखता यावं म्हणून त्यावर मोहोर उठवणं हे दुसरं. आल्डर ही दोन्ही कामं एका फेरीत करायची. फुकट मिळणाऱ्या जुन्या रीतीत दोन फेऱ्या लागायच्या.

त्या दिवशी शिराझ दवाखान्याच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि पडद्यावर मी होते. हातयंत्रावर निरोप उघडायची वाट बघत तौहीदा उभी होती.

"हे तुझं कुलूप उघडेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल," ती म्हणाली.

"दोन फेऱ्या आहेत ना. यंत्र म्हातारं आहे."

"म्हातारी मी पण आहे. मी इंजेक्शन देताना दोनदा टोचते का?"

शिराझ हसली. पण निरोप आलाच नाही. वेळ इतका लागला की रेडिओची जोडणी मध्येच तुटली. त्या सकाळी तसं पाचव्यांदा झालं होतं.

"एका फेरीत करणारी एक पद्धत आहे," शिराझ म्हणाली. "पण तिच्यावर पेटंट आहे. हे बघ, इथं लिहिलंय. २०१६ पर्यंत."

"करकेनात कोण येणार आहे बघायला? ऑक्टोपस?"

"कुणी आलं नाही तरी लिहिलेलं आहे ना, तौहीदा. माझ्यामुळे दवाखान्याला वकिलाचं पत्र आलं तर?"

ती माझ्यावर विश्वास ठेवत होती. माझी तपासणीची ओळ तिने वाचली. सप्टेंबर २००८. साडेतीन वर्षं जुनी. त्या ओळीवर तिची नजर थांबली, मला आठवतं. म्हणून तिने कुफ्लच्या मंडळींना ईमेल लिहिली. एका दवाखान्यासाठी हवं आहे, आल्डरची सूचना अजून लागू आहे का?

दोन उत्तरं आली. "मी वकील नाही. सूचना आहे तर हात लावू नका," हे एक. "हे तिजानी बघतो, त्याला विचारा," हे दुसरं. तिने मास्तरांना लिहिलं. नऊ दिवस थांबली. मग दुसरी फेरी काढून टाकली. निरोप कुलपात जाऊ लागले, पण त्यांच्यावर मोहोर नव्हती. आपल्या वहीत तिने लिहिलं: सध्यापुरतं. नवी यंत्रं आली की मोहोर लावायची.

आणि काम झक्क चालायला लागलं. निरोप क्षणात यायचे. तौहीदा लोकांना सांगायची, "आता वाऱ्याचं काही चालत नाही." बेटावरच्या बायका शिराझच्या आईला रस्त्यात थांबवून मुलीचं कौतुक करायच्या.

बेटावर बुरावी नावाचे एक मच्छीमार होते. सगळे त्यांना अम्म बुरावी म्हणत. अम्म म्हणजे काका. समुद्रात मातीची मडकी सोडून ते ऑक्टोपस धरायचे. शिराझच्या आईच्या घरापासून चौथं दार त्यांचं. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज लागायची. ती जास्त झाली तर रक्त थांबत नाही, कमी झाली तर गाठ होते. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून किती गोळ्या ते ठरायचं.

नोव्हेंबरमध्ये स्फाक्सच्या डॉक्टरांनी लिहिलं: रोज दोन. त्या दिवशी वादळी हवा होती, रेडिओत खरखर होती. करकेनाच्या यंत्रावर निरोप उघडला तेव्हा तिथं होतं: रोज सहा.

तौहीदाने तो दोनदा वाचला. महिन्यापूर्वी चार होत्या. सहा हा आकडा वेडावाकडा नव्हता. वाढवल्या असतील, असं तिला वाटलं. चिठ्ठी लिहून तिने अम्म बुरावींच्या हातात दिली.

"सहा? मला गोळ्यांचंच जेवण घाला म्हणजे झालं," ते म्हणाले आणि घेऊन गेले.

आठव्या दिवशी त्यांच्या नाकातून रक्त आलं. ऊन लागलं असेल म्हणून त्यांनी डोक्यावर ओला कपडा ठेवला आणि होडीवर गेले. संध्याकाळी त्यांना बोलता येईना. दुसऱ्या सकाळच्या बोटीत त्यांना निजवून नेलं. स्फाक्सचा धक्का दिसायला लागला होता तेव्हा ते गेले. त्यांची मडकी पुढे महिनाभर पाण्यातच होती. मग कुणीतरी ती वर काढली.

चौकशी बसली. डॉक्टरांच्या कागदावर दोन होतं. तौहीदा म्हणत होती, सहा आलं. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय अशी सगळ्यांची खात्री झाली. कागद डॉक्टरांकडे होता. तौहीदाला कामावरून बाजूला केलं. सतरा वर्षं तिने त्या बेटावर लोकांना सुया टोचल्या होत्या, अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. आता बाजारात तिला जागा करून देण्यासाठी लोक जरा जास्तच बाजूला सरकत.

शिराझला ते पटेना. निरोप जसा पाठवला गेला तो आणि जसा पोचला तो, दोन्ही यंत्रांवर अजून कुलपातच साठवलेले होते. तिने ते एकाखाली एक ठेवले. संबंध निरोपात फरक एका जागी होता. एक ठिपका. यंत्र प्रत्येक आकडा 'आहे' आणि 'नाही' अशा ठिपक्यांनी लिहितं; जिथं 'नाही' असायला हवं होतं तिथं 'आहे' झालं होतं, आणि तेवढ्याने दोनाचा सहा होतो. वाटेत कुठल्यातरी विजेच्या खरखरीत तो ठिपका उलटला होता. मोहोर असती तर यंत्राने निरोप उघडलाच नसता. बिघडलाय, पुन्हा पाठवा, एवढंच म्हणालं असतं.

ती स्फाक्सला मास्तरांचं घर शोधत गेली. जानेवारीतली दुपार होती. वसीलाने दार उघडलं. शिराझने रागातच सुरुवात केली.

"मला सी तिजानींना एकच विचारायचंय. वर्षापूर्वी मी त्यांना लिहिलं होतं. उत्तर का दिलं नाही?"

"आत ये, पोरी," वसीला म्हणाली. "तूच विचार."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. कोपऱ्यात संगणकावर कापड घातलं होतं.

"सगळं समजतं त्याला," वसीला म्हणाली. "बोलता येत नाही, एवढंच. साडेतीन वर्षं झाली. पक्षाघात."

शिराझ खाली बसली. तिला परत जावंसं वाटलं असेल. पण सांगायला आली होती, तिने सांगितलं. मोहोर, रेडिओ, दोन आणि सहा, अम्म बुरावी, तौहीदा. आवाज न चढवता.

"तुमच्या सूचनेत २०१६ लिहिलं होतं," ती म्हणाली. "मला फक्त ती अजून लागू आहे का ते विचारायचं होतं. तुम्ही आजारी आहात हे माहीत असतं तर..."

मास्तरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. वसीला धावली. ते टेबलाच्या खणाकडे बघत होते. तिने एक खण उघडला, त्यांनी मान हलवली, दुसरा उघडला. त्यात निळी फाइल होती.

सगळ्यात वरचं पत्र २१ मे २००९चं. पेटंटच्या कचेरीचं. मालक कंपनी बंद पडली आहे, वर्षाची फी भरलेली नाही, सबब आल्डरचं पेटंट सगळ्या देशांत संपुष्टात आलं आहे. तेही पत्राच्या चार महिने आधीपासून. पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मास्तरांच्या हातचं होतं: पेपर तपासून झाले की सूचना बदलायची.

पेपर तपासत असतानाच ते कोसळले होते.

शिराझने पत्र दोनदा वाचलं.

"काय लिहिलंय त्यात?" वसीलाने विचारलं.

"काही नाही, खाला," शिराझ म्हणाली. "एक तारीख आहे."

मास्तर रडत होते. अर्ध्याच चेहऱ्याने. शिराझने त्यांच्या पायावरची घोंगडी सरळ केली, पत्राचा फोटो काढला आणि गेली. त्या दिवसानंतर ते घास गिळेनात. मार्चमध्ये वारले. वसीलाने संगणकावरचं कापड काढलं नाही.

चौकशीत शिराझने सगळं मांडलं. मोहोर मी काढली, चूक माझी, असं लिहून दिलं. तौहीदाला निर्दोष ठरवलं गेलं आणि तसा कागद मिळाला. पण बेटावर लोक तिच्यापुढे दंड उघडा करायला कचरायचे. ती गाबेसला बहिणीकडे राहायला गेली. शिराझने प्रोग्राम लिहिणं सोडलं. मासे गोठवून डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात ती आता डब्यांवरच्या तारखा तपासते. हे तिने कुफ्लच्या मंडळींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात आहे. त्यात आणखी एक वाक्य आहे: "तो नियम मी पाळला नसता तर ते जगले असते."

मी तो नियम होते.

प्रोग्राम लिहिणं सोडण्याआधी तिने माझी दुरुस्ती पाठवली होती. दोन ओळी बदलायच्या होत्या. सोबत पत्राचा फोटो. पहिलं उत्तर आलं: फोटोवर विश्वास कसा ठेवायचा? दुसरं: वकिलाचं लेखी मत हवं. तिसऱ्याने विचारलं की मत चुकलं तर जबाबदार कोण. मग कुणीच काही बोललं नाही. नव्वद दिवसांनी एका आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने त्या दुरुस्तीखाली लिहिलं: बरेच दिवस हालचाल नसल्याने हा विषय बंद करण्यात येत आहे. तिला नकारसुद्धा माणसाकडून मिळाला नाही.

माझ्याबाबत याहून वाईट पुढं घडलं. कुफ्लची पानं नव्या जागी हलवली तेव्हा कुणीतरी स्वच्छता केली. जुन्या तारखा पसारा वाटतात म्हणून काढून टाकल्या. माझं २०१६ गेलं, पेटंटचा क्रमांक गेला, मास्तर दर सप्टेंबरला लिहायचे ती ओळ गेली. निदान २०१६ उलटल्यावर वाचणारा म्हणाला असता, मुदत सरली. आता माझ्यात एवढंच उरलंय की आल्डरवर पेटंट आहे, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नये. मला शेवटच नाही. अशा माझ्या हजारो प्रती झाल्या. कुणी वाचून केल्या नाहीत. सगळं उचललं त्यात मीही उचलले गेले.

मला खोडून टाका, अशी माझी विनंती आहे. खोडायचं धाडस नसेल तर निदान मला कधी आणि कुणी तपासलं ते माझ्याखाली लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला संशय घ्यायला जागा राहील. तुमच्या हाताखाली माझ्यासारखी एखादी सूचना असेल तर आजच ती उघडून बघा. मी चांगल्या माणसांनाच अडवते. वाईट माणसं मला वाचत नाहीत.

गेल्या महिन्यात मोरोक्कोच्या डोंगराळ भागातून एक पत्र आलं. बादिया नावाची बाई आहे. बाळंतिणींना आणायला जाणाऱ्या गाड्यांसाठी ती रेडिओवरचे निरोप बसवते आहे. तिने लिहिलंय की यंत्रं जुनी आहेत, दोन फेऱ्या झेपत नाहीत, आल्डर चाललं असतं, पण सूचना वाचली. परवानगी कुणाकडे मागू?

तिला कुणी उत्तर दिलं नाही. परवा तिचं दुसरं पत्र आलं. गाड्या गुरुवारी सकाळी निघतात, कुणी हे वाचत असाल तर त्याआधी कळवा.

आज बुधवार आहे. मी वाचते आहे.